वाफेच्या इस्त्रीत सुगंधी पाणी : टाकीत काय घालावे आणि कपड्यावर काय शिंपडावे

आतेभावाच्या लग्नाच्या सकाळी घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री करण्याचे काम माझ्याकडे होते, आणि कपड्यांना छान वास यावा म्हणून मी वाफेच्या इस्त्रीच्या टाकीत पाण्याबरोबर चंदनी अत्तराचे तीन थेंब घातले. सुरुवातीचे दोन सदरे उत्तम झाले, खोलीभर वास दरवळला. टाकी संपत आली तेव्हा समोर बाबांचा पांढरा सुती झब्बा होता, आणि इस्त्री पुढच्या पट्टीवरून फिरत असताना दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या मध्ये वाफेच्या भोकातून एक थेंब फुस्सकन बाहेर पडला. तो चहाच्या रंगाचा होता. कडेला तेलकट वलय आणि मध्ये करड्या भुकटीची बारीक कणी. तापलेला तळ त्यावरून पुढे सरकलेला असल्यामुळे डाग कापडात पक्का बसला. साबण, कोमट पाणी, लिंबू असे सगळे उपाय झाले, डाग फिकट झाला, पण गेला नाही, आणि बाबा दुसरा झब्बा घालून मांडवात गेले.

टाकीत गुलाबपाणी घाला, लव्हेंडरच्या तेलाचे दोन थेंब घाला, कपडे मऊ करणाऱ्या कंडिशनरचे टोपणभर घाला, असे सल्ले आपल्याकडे सहज दिले जातात. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि वासही खरोखर येतो, म्हणूनच त्यातला धोका लक्षात येत नाही. इस्त्रीच्या पोटात त्या थेंबांचे काय होते हे एकदा नीट समजून घेतले, तर एक साधा नियम आपोआप हाती लागतो : टाकीत फक्त असे पाणी जावे की ज्याची वाफ झाल्यावर मागे जवळपास काहीच उरत नाही, आणि सुगंध द्यायचा असेल तो वेगळ्या बाटलीतून थेट कापडाला द्यावा.

इस्त्रीच्या आत काय चालते

वाफेच्या इस्त्रीत किटलीसारखे पाणी उकळत असेल, अशी अनेकांची समजूत असते. घरगुती इस्त्रीत तसे नसते. वरच्या प्लास्टिकच्या टाकीत साधारण २०० ते ३०० मिलिलिटर पाणी असते आणि ते गार किंवा फार तर कोमट राहते. त्या टाकीच्या तळाशी एक बारीक छिद्र आणि ते उघडझाप करणारा वाल्व असतो. वाफेचे बटण फिरवले की या छिद्रातून पाणी थेंबाथेंबाने खाली उतरते आणि तापलेल्या ॲल्युमिनियमच्या एका कप्प्यात पडते. तिथे पडताक्षणी त्याची वाफ होते. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे १,६०० पटींनी वाढते, म्हणजे एका मिलिलिटर पाण्यापासून दीड लिटरहून अधिक वाफ तयार होते, आणि एवढी जागा त्या कप्प्यात नसल्यामुळे ती तळाच्या भोकांतून जोराने बाहेर पडते. कप्पा पुरेसा तापलेला नसेल तर सगळ्या थेंबाची वाफ होत नाही आणि उरलेले पाणी तसेच कापडावर गळते. म्हणून बहुतेक इस्त्र्यांत वाफ दोन टिंबांच्या पुढेच वापरायला सांगितलेली असते. कपड्याच्या लेबलावरील इस्त्रीच्या चिन्हातील एक टिंब म्हणजे तळाचे तापमान जास्तीत जास्त ११० ते १२० अंश सेल्सिअस, दोन टिंबे म्हणजे १५० ते १६० आणि तीन टिंबे म्हणजे २०० ते २१० अंश.

या सगळ्या रचनेतली कळीची गोष्ट अशी की कप्प्यातून फक्त तेच बाहेर जाते, ज्याची वाफ होते. पाण्यात विरघळलेले जे काही होते, ते तिथेच धातूला चिकटून राहते आणि पुढचा थेंब त्याच्यावर पडतो. साध्या पाण्यातही हे घडते. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्यासाठीच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, विरघळलेल्या एकूण क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि पाण्याचा दुसरा स्रोतच नसेल तर २,००० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी पिण्यास योग्य आहे, पण अडीचशे मिलिलिटरच्या एका टाकीमागे ते १२५ मिलिग्रॅम क्षार आणते. आठवड्याला दोन टाक्या धरल्या तर वर्षाला सुमारे १३ ग्रॅम. त्यातले थोडे वाफेबरोबर उडून गेले तरी बाकीचे कप्प्यात आणि भोकांत साचते. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या घरांत इस्त्रीतून पांढरी भुकटी पडते ती हीच. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचे पावसाचे पाणी मिळते, त्यात क्षार बरेच कमी असतात, म्हणून तिथल्या घरात वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेली इस्त्री बोअरवेलच्या सोसायटीत राहायला गेल्यावर काही महिन्यांत कुरकुरू लागते.

माझ्या झब्ब्यावरच्या डागातली करडी कणी हीच होती. क्षारांचा थर सच्छिद्र असतो आणि तो स्पंजासारखा तेल धरून ठेवतो. अत्तराचे तेल त्यात मुरले, तापून तपकिरी झाले, आणि थराचा एक कण सुटून त्याच्यासकट बाहेर आला.

सुगंधी म्हणजे नेमके काय

बाजारात 'सुगंधी पाणी' या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी मिळतात, आणि त्यांच्यातला फरक ओळखणे हे या विषयातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

खरे गुलाबजल किंवा केवडाजल हे ऊर्ध्वपातनाने मिळते. फुले आणि पाणी एका भांड्यात तापवून त्यांची वाफ दुसऱ्या भांड्यात गार करतात. उत्तर प्रदेशातल्या कनौजमधल्या देग (तापवायचे भांडे) आणि भपका (वाफ गार होते ते भांडे) यांच्या पारंपरिक पद्धतीत हेच करतात, आणि ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातला केवडा याच रीतीने गाळला जातो. या पाण्यात सुगंधी तेलाचा अगदी अल्प अंश विरघळलेला असतो. ते एकदा वाफेच्या रूपात गेलेलेच असल्यामुळे त्यात क्षार नसतात, आणि ते शुद्ध असेल तर सुकल्यावर मागे फारसे काही उरत नाही. अडचण अशी की दुकानात 'गुलाबपाणी' म्हणून मिळणाऱ्या प्रत्येक बाटलीत हेच असते असे नाही. काहींत साधे पाणी, कृत्रिम सुगंध, तो पाण्यात मिसळून राहावा म्हणून घातलेले द्रव्य आणि टिकाऊपणासाठी रसायन असते. त्वचेसाठी बनवलेल्या काही गुलाबपाण्यांत ग्लिसरीनही असते. ग्लिसरीन २९० अंशांना उकळते, म्हणजे इस्त्री कितीही तापवली तरी ते पटकन उडून जात नाही. ते चिकट थर होऊन राहते, धूळ धरते आणि हळूहळू करपते.

अत्तराची गोष्ट आणखी वेगळी आहे. पारंपरिक अत्तरात फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवलेला असतो; आता चंदन महाग झाल्यामुळे लिक्विड पॅराफिनसारखी तेलेही वापरली जातात. चंदनाच्या तेलातले मुख्य द्रव्य, सँटॅलॉल, ३०० अंशांच्या आसपास उकळते. अत्तर अंगावर दिवसभर टिकते ते याच कारणाने, आणि इस्त्रीत ते घातक ठरते तेही याच कारणाने. शिवाय तेल पाण्यात विरघळत नाही, पाण्यावर तरंगते. इस्त्रीची टाकी तळाकडून रिकामी होते, म्हणजे सुरुवातीला जवळजवळ निव्वळ पाणीच खाली उतरते आणि तरंगणारे तेल सगळ्यांत शेवटी, एकगठ्ठा, गरम कप्प्यात जाते. पहिले दोन सदरे स्वच्छ निघाले आणि डाग टाकी संपताना पडला, याचा उलगडा मला असा झाला.

लव्हेंडर, संत्रे, गवती चहा, निलगिरी अशी जी सुगंधी तेले छोट्या बाटल्यांत मिळतात, ती अत्तरापेक्षा हलकी असतात. लव्हेंडरमधले लिनॅलूल १९८ अंशांना आणि संत्र्याच्या सालीतले लिमोनीन १७६ अंशांना उकळते, पण पाण्याच्या वाफेबरोबर ती १०० अंशांच्या आतही बऱ्यापैकी निघून जातात. मग यांना टाकीत घालायला काय हरकत आहे, असा प्रश्न रास्त आहे. याला दोन उत्तरे आहेत. तापलेल्या धातूवर, हवेच्या सान्निध्यात, या तेलांचा काही भाग राळेसारखा घट्ट होतो आणि क्षारांच्या थराला चिकटतो. आणि दुसरे, ही तेले प्लास्टिक व रबराला त्रास देतात. नागपूरकडच्या मुलांना ठाऊक असलेला एक खेळ इथे उपयोगी पडेल : फुगवलेल्या फुग्याजवळ संत्र्याची साल दुमडून पिळली की तिचे तुषार पडताच फुगा फटकन फुटतो, कारण सालीतले लिमोनीन ताणलेले रबर विरघळवते. थर्मोकोलवर तोच रस पडला तर तिथे खड्डा पडतो. इस्त्रीची टाकी आणि तिच्यातले वायसर फुग्याइतके नाजूक नसतात, पण तेच तेल रोज टाकीच्या भिंतीला लागत राहिले तर वायसर फुगतात, वाल्व नीट मिटत नाही आणि इस्त्री गळू लागते. गळलेले पाणी विजेच्या भागाकडे जाऊ शकते, आणि मग हा प्रश्न डागापुरता राहत नाही.

कंडिशनरबद्दल थोडक्यात सांगायचे तर तो मेणचट असतो, धाग्याला चिकटून राहावा म्हणूनच बनवलेला असतो, आणि तो गरम धातूलाही तितक्याच निष्ठेने चिकटतो. खळीचे पाणीही टाकीत घालू नये.

आपल्याकडे असलेल्या पाण्यातून मागे काय उरते, हे घरी पाहता येते. स्टीलच्या चार स्वच्छ बशा घ्याव्यात. एकीत नळाचे पाणी, दुसरीत फिल्टरचे, तिसरीत गुलाबपाणी आणि चौथीत तुम्ही वापरणार असलेले सुगंधी मिश्रण, असे प्रत्येकी दोन चमचे घालून त्या उन्हात ठेवाव्यात. गॅसवर ठेवू नयेत, कारण मिश्रणात अल्कोहोल असले तर ते पेट घेईल. पाणी आटल्यावर बशी उजेडाकडे तिरकी धरून पाहावी. नळाच्या पाण्याचे पांढरे वलय दिसेल. ते किती दाट आहे यावरून तुमचे पाणी किती दुष्फेन, म्हणजे क्षारयुक्त, आहे याचा अंदाज येतो. ग्लिसरीन असलेल्या गुलाबपाण्याच्या बशीवर बोट फिरवले की चिकट लागते. मिश्रणात अत्तर असेल तर त्या बशीत इंद्रधनुषी तेलकट पापुद्रा राहतो. जे बशीत उरले, तेच इस्त्रीच्या कप्प्यात उरणार.

टाकीसाठी पाणी

टाकीत काय चालते हे शेवटी त्या इस्त्रीबरोबर आलेली पुस्तिकाच सांगते, आणि ती फेकून दिली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बहुधा मिळते. अत्तर, व्हिनेगर, खळ, रसायने आणि इस्त्रीसाठीची सुगंधी द्रव्ये टाकीत घालू नयेत, असे अनेक पुस्तिकांत स्पष्ट लिहिलेले असते. तसे करून बिघाड झाला तर वॉरंटीचा दावा नाकारला जाऊ शकतो. पाणी क्षारयुक्त असेल तर डिस्टिल्ड किंवा क्षारविरहित पाणी घ्यावे. काही कंपन्या ते निम्मे आणि नळाचे निम्मे असे मिसळायला सांगतात. गॅरेजमध्ये बॅटरीचे पाणी म्हणून मिळते तेही क्षारविरहित असते, मात्र त्याच फळीवर बॅटरीत घालायचे सल्फ्युरिक ॲसिडही ठेवलेले असते, म्हणून बाटली सीलबंद आणि स्पष्ट लेबलाची असल्याखेरीज ते घरात आणू नये. एसीच्या नळीतून टपकणारे पाणी डिस्टिल्ड पाण्यासारखेच, असे मानून काही जण ते साठवतात. त्यात क्षार कमी असतात हे खरे, पण ते धुळीने माखलेल्या आणि बुरशी धरलेल्या जाळीवरून येते, त्यामुळे पांढऱ्या कपड्यासाठी ते वापरू नये.

केवळ इस्त्रीच्या टाकीसाठी म्हणून बनवलेले सुगंधी पाणीही मिळते. परदेशांत, विशेषतः लंडनसारख्या क्षारयुक्त पाण्याच्या शहरांत, ते सुपरमार्केटमध्ये सहज दिसते, आणि आपल्याकडेही ऑनलाइन मिळते. क्षारविरहित पाण्यात अगदी थोडा सुगंध मिसळलेला असतो. बाटलीवर ते टाकीत घालण्याजोगे आहे असे लिहिलेले असेल आणि इस्त्रीच्या पुस्तिकेतही मनाई नसेल, तरच ते टाकीत घालावे. बाटली हो म्हणते आणि पुस्तिका नाही म्हणते, असे झाले तर पुस्तिकेचे ऐकावे. इस्त्रीच्या आत कोणता धातू आणि कोणते रबर आहे हे बाटली बनवणाऱ्याला ठाऊक नसते. वेगळ्या बॉयलरमध्ये दाबाखाली वाफ तयार करणाऱ्या मोठ्या इस्त्रीत मात्र घरी केलेले कोणतेही मिश्रण घालू नये. तिथे वाफेची वाट तुंबली तर दाब कुठे जाणार, हा विचार आधी करायला हवा.

टाकी भरताना प्लग काढलेला असावा, पाणी छोट्या मापाने घालावे, आणि काम संपल्यावर उरलेले पाणी रोज ओतून टाकावे. सुगंधी पाणी साठून राहिले तर त्यात बुळबुळीत थर धरतो.

डिओ, कोलन आणि आग

या लेखात मला सर्वांत काळजी वाटते ती या भागाची. घाईच्या वेळी कपड्यावर डिओडरंट किंवा परफ्यूम मारून लगेच इस्त्री फिरवणारे लोक मी पाहिले आहेत. कोलन आणि परफ्यूममध्ये बहुतांश इथाइल अल्कोहोल असते. ते ७८ अंशांना उकळते, आणि त्याची वाफ पेट घेण्याइतकी जमायला साधारण १३ ते १७ अंशांचे तापमान पुरते, म्हणजे आपल्याकडे थंडीच्या दिवसांतही ती जमते. डब्यातल्या डिओमध्ये द्रव बाहेर ढकलण्यासाठी बहुधा ब्युटेन आणि प्रोपेन असतात. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्येही हेच वायू असतात. इस्त्रीचा तळ २०० अंशांचा असतो आणि अल्कोहोल आपोआप पेटायला ३६० अंशांहून अधिक तापमान लागते, त्यामुळे नुसत्या तळाने भडका उडण्याची शक्यता कमी. पण तळाचे तापमान राखण्यासाठी आतला थर्मोस्टॅट सतत चालू-बंद होत असतो आणि त्याच्या संपर्कबिंदूंवर ठिणगी पडते. जवळ देवघरातला दिवा, उदबत्ती किंवा गॅसची शेगडी असेल तर ठिणगीचीही गरज नाही. म्हणून अल्कोहोल असलेली कोणतीही वस्तू टाकीत तर नाहीच, पण इस्त्री करायच्या ओल्या कपड्यावरही नको. परफ्यूम लावायचा तर इस्त्री बंद करून, कपडा गार झाल्यावर, खिडकीजवळ लावावा. डिओचा डबा इस्त्रीच्या शेजारी तापत ठेवू नये.

वोडका, सुगंधी तेल आणि पाणी एकत्र करून फवारा बनवण्याच्या कृती आजकाल फिरतात. त्यात तेल अल्कोहोलमध्ये विरघळते हे खरे, पण त्यात भरपूर पाणी घातले की अल्कोहोल पातळ होते आणि तेल पुन्हा वेगळे होते; मिश्रण दुधाळ दिसते ते तेलाच्या बारीक थेंबांमुळे. ते थेंब काही वेळाने वर येतात, आणि बाटली हलवायची राहिली की एखाद्या फवाऱ्यात निव्वळ तेल येते.

कपड्याला वास कसा द्यावा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जे इस्त्रीवाले काका बसतात, त्यांच्याकडे मी तो झब्बा घेऊन गेलो होतो. त्यांनी डाग बोटाने चाचपून पाहिला आणि म्हणाले, "दादा, हे आतून आलंय. इस्त्रीला फक्त तापू द्या. पाणी आपण वरून मारायचं." त्यांची इस्त्री वाफेची नव्हे, जाड आणि जड आहे. शेजारी झाकणाला भोके पाडलेली पाण्याची बाटली असते. कपडा पसरला की त्यावर पाण्याचा हबका मारायचा, कपडा गुंडाळून दोन-चार मिनिटे बाजूला ठेवायचा, म्हणजे ओल सगळीकडे सारखी पसरते, आणि मग इस्त्री फिरवायची. या साध्या पद्धतीत शास्त्र आहे. सुती धाग्यातले रेणू एकमेकांना ज्या दुबळ्या बंधांनी धरून असतात, ते ओलाव्याने सैल होतात आणि उष्णतेने कापड सुकताना नव्या, सपाट स्थितीत पुन्हा जुळतात. ही ओल टाकीतून आली की बाटलीतून, याने कापडाला फरक पडत नाही.

म्हणून सुगंधी पाणी वापरायचे तर ते वेगळ्या फवाऱ्याच्या बाटलीत ठेवावे. इस्त्रीच्या नाकावर जो फवारा असतो तो याच टाकीतून पाणी घेतो, त्यामुळे तो यासाठी उपयोगाचा नाही. घटकांच्या यादीत फक्त ऊर्ध्वपातित गुलाबजल किंवा केवडाजल असलेली बाटली घ्यावी, एका भागात तीन भाग डिस्टिल्ड पाणी मिसळावे, आणि आठवडाभरात संपेल इतकेच करून फ्रीजमध्ये ठेवावे. बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहावे, कारण फ्रीजमधली पाण्याची बाटली कोणीही तोंडाला लावते. फवारा हातभर अंतरावरून द्यावा. आधी आतल्या शिवणीवर किंवा शर्टाच्या खोचल्या जाणाऱ्या टोकावर देऊन, त्यावर इस्त्री फिरवून, सुकल्यावर डाग नाही याची खात्री करावी.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगायला हवी. इस्त्रीआधी दिलेला सुगंध बहुतांशी खोलीत जातो, कपड्यात थोडाच उरतो, कारण उष्णता तोच हलका भाग आधी उडवून लावते. इस्त्री करताना दरवळ येतो म्हणून आपल्याला वाटते की कपडा सुगंधी झाला. खरे तर आपण तो श्वासात घेत असतो. कपड्यात वास टिकावा असे वाटत असेल तर इस्त्री झाल्यावर कपडा हँगरला लावून, गार होऊ देऊन, अगदी हलका फवारा द्यावा आणि सुकल्यावरच कपाटात ठेवावा. ओल राहिली तर घडीत कुबट वास धरतो.

रेशमाला हे काहीच लागू करू नये. रेशमावर नुसत्या पाण्याचा थेंबही वलय सोडतो. पैठणी, मग ती येवल्याची असो वा पैठणची, उलट्या बाजूने, वर सुती कापड टाकून, मंद इस्त्रीने करावी आणि जरीवर कोणताही फवारा मारू नये. धातूची जर काळवंडते, आणि आताची प्लास्टिकच्या पट्टीची जर जास्त तापली तर आकसते. अशा साड्यांना सुगंध कपाटातूनच द्यावा. आपल्याकडे त्याची रीत जुनी आहे : केवड्याची पात साडीच्या घडीजवळ, पण रेशमाला न लागेल अशी मलमलीत गुंडाळून, वाळ्याची जुडी, सुकल्यावरही वास टिकवून ठेवणारी बकुळीची फुले. यांपैकी कशालाही उष्णता लागत नाही आणि डागही पडत नाही. घाईच्या सकाळी मात्र ही रीत कामाची नाही, ती दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी लागते.

कोणाच्या कपड्याला नको

तान्ह्या बाळाच्या कपड्यांना, दुपट्यांना आणि झबल्यांना कोणताही सुगंध देऊ नये. दमा असलेल्या माणसाच्या उपस्थितीत सुगंधी वाफेची इस्त्री करू नये. बंद खोलीत वाफेबरोबर वास एकदम दाटतो आणि त्याने धाप लागू शकते. सुगंधाची ॲलर्जी मानेवर, काखेत आणि कमरेच्या घड्यांत आधी दिसते, कारण तिथे कापड घासते आणि घाम येतो. लिनॅलूल आणि लिमोनीन ही द्रव्ये ताजी असताना सौम्य असतात, पण हवेशी संयोग झाल्यावर त्यांच्यापासून ॲलर्जी आणणारी द्रव्ये तयार होतात, त्यामुळे वर्षभर उघडझाप केलेली तेलाची बाटली कपड्यांसाठी वापरू नये. युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांच्या लेबलावर नाव छापणे बंधनकारक असलेल्या सुगंधी द्रव्यांची यादी २०२३ साली २६ वरून ८० हून अधिक केली, ती याच अनुभवातून. घरात मांजर असेल तर टी-ट्री, निलगिरी, लवंग अशी तेले टाळावीत. अशी द्रव्ये शरीराबाहेर टाकण्याची यंत्रणा मांजरांच्या यकृतात फार दुबळी असते. निलगिरीच्या तेलाचा लहानसा घोटही मुलाला अत्यवस्थ करू शकतो, म्हणून बाटली फळीवर उंच ठेवावी.

याला लागूनच डांबराच्या गोळ्यांविषयी सांगतो. कपाटाचा वास चांगला राहावा म्हणून वापरल्या जाणाऱ्या या गोळ्यांत पुष्कळदा नॅफ्थलीन असते, आणि जी-६-पीडी या विकराची जन्मतः कमतरता असलेल्या बाळाला नॅफ्थलीनमध्ये ठेवलेल्या कपड्यांमुळे तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. बाळंतिणीच्या घरात ठेवणीतली दुपटी काढताना ती आधी धुवावीत, उन्हात वाळवावीत. नुसत्या वाफेच्या इस्त्रीने हा धोका जात नाही.

टाकीत आधीच काही घातले असेल तर

प्लग काढून इस्त्री पूर्ण गार होऊ द्यावी आणि टाकी उलटी करून रिकामी करावी. मग डिस्टिल्ड पाणी घालून, हलवून, दोनदा ओतून टाकावे, म्हणजे तरंगणारे तेल निघून जाते. पुन्हा टाकी भरून इस्त्री सर्वांत वरच्या तापमानावर पूर्ण तापवावी, प्लग काढावा, बेसिनवर आडवी धरावी आणि सेल्फ-क्लीनचे बटण दाबून धरत ती हलकेच पुढेमागे हलवावी. तळातून उकळते पाणी आणि वाफ एकदम येते, त्यामुळे हात आणि चेहरा लांब ठेवावा, मुलांना स्वयंपाकघराबाहेर पाठवावे. तपकिरी कण आणि करडी भुकटी पडताना दिसेल. व्हिनेगर घालून हे काम लवकर होते असे सांगतात, पण ते ॲल्युमिनियम खाते, आणि पुस्तिकेने परवानगी दिली नसेल तर ते घालू नये. तळावर चिकटलेला थर इस्त्री कोमट असताना सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावा. तारेची घासणी लावू नये, आणि भोकांत सुई घालू नये.

यानंतर जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा पसरून त्यावर पाच मिनिटे पूर्ण वाफ सोडावी आणि टाकी पार संपेपर्यंत थांबावे, कारण डाग येतो तो शेवटीच. तुकडा स्वच्छ राहिला तर इस्त्री पुन्हा वापरता येईल. पिवळट ठिपका उमटला तर सेल्फ-क्लीन आणखी एकदा करावे. माझ्या इस्त्रीला हे तीनदा करावे लागले. तिसऱ्यांदाही डाग येत असेल, किंवा बंद असताना टाकी गळत असेल, तर ती प्लगला न लावता दुरुस्तीला द्यावी.